रेल्वेचा दुधाचा डबा पांढरा नव्हता

माझ्या भावाच्या डेअरीत शिरलं की समोरच काचेच्या पेटीत रेल्वेचा एक डबा दिसतो. वीतभराहून थोडा लांब, पांढराशुभ्र, बाजूला निळ्या अक्षरांत डेअरीचं नाव, छतावर बर्फ टाकायची झाकणं. खालच्या पाटीवर लिहिलंय की हा डबा भावाच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे मी, स्वतःच्या हातानं बनवला. ती पाटी काढ म्हणून मी त्याला सांगून दमले. त्या डब्यात माझं म्हणता येईल असं आता फारसं काही उरलेलं नाही, आणि जे उरलंय ते बाहेरून दिसत नाही.

मी बुलढाण्याला बांधकाम खात्यात ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचा, आम्ही त्यावर पारदर्शक कागद पसरून शाईनं तो उतरवायचा. जे आहे ते उतरवायचं, एवढंच आमचं काम. नाला वाकडा असला तर वाकडाच काढायचा, साहेबाला सरळ आवडतो म्हणून सरळ करायचा नाही. पुढे कॉम्प्युटर आले, ट्रेसर नावाची जातच संपली, पण हाताला लागलेली सवय गेली नाही. मी पुठ्ठ्याचे रेल्वेचे डबे करायला लागले. मालडबे, गार्डाचे डबे, पाण्याच्या टाक्या. निवृत्तीनंतर मलकापूरला मायजवळ राहायला आले, तेव्हा बायका हळदीकुंकवाला येऊन माझ्या टेबलाकडे बघायच्या आणि नातवासाठी एखादा मागायच्या. नाही म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. नातवानं दोन दिवसांत चाकं काढली असती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मोताळा रस्त्यावर त्यानं दूध थंड करायचा मोठा प्लँट टाकला. उद्घाटनाच्या कितीतरी महिने आधी तो घरी आला, मायच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "ताई, तू ते रेल्वेचे डबे बनवतं नं? मले बाबाचा डबा बनवून दे. लोकाले समजलं पाह्यजे, आपलं खानदान दुधात कवापासून हाये."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या 'खानदान'कडे दुर्लक्ष केलं. बाबांना जाऊन चाळीसेक वर्षं होऊन गेली. त्यांच्या त्या डब्याविषयी आमच्या घरात कुणी कधी बोलत नव्हतं. तो डबा पाहिलेली घरातली मी एकटीच. माय कधी स्टेशनवर गेली नाही आणि भाऊ तेव्हा मांडीवर होता.

बाबा मलकापूरहून भुसावळच्या मिठाईवाल्यांना दूध पाठवायचे. पाठवायचे म्हणजे स्वतः घेऊन जायचे. खेड्यांतून सायकलींवर दूध यायचं, ते मोठ्या कॅनमध्ये ओतायचं आणि सकाळच्या पॅसेंजरला जो दुधाचा डबा लागायचा त्यात चढवायचं. कॅन एकटे सोडले तर वाटेत दूध कमी व्हायचं आणि पाणी वाढायचं. शिवाय उन्हाळ्यात कॅनवर ओली पोती टाकून ती ओलीच ठेवावी लागायची, नाहीतर भुसावळला पोचेपर्यंत दूध नासलंच समजा. म्हणून गार्डाच्या मेहेरबानीनं बाबा त्याच डब्यात बसायचे. बोदवडला गाडी थांबली की बादली घेऊन नळाकडे पळायचं, पोती भिजवायची, वरणगावला परत तेच. दुपारच्या गाडीनं रिकामे कॅन घेऊन परत.

शाळेआधी मी त्यांच्या भाकरीचं फडकं घेऊन स्टेशनवर जायची. डबा माझ्या नजरेसमोर आहे. चार चाकांचा, लाकडी फळ्यांचा, गेरूसारखा लाल, धुरानं काळवंडलेला. दोन्ही बाजूंना वारा यायला तिरक्या पट्ट्या, जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशा. आत अंधार, आंबट वास, आणि मे महिन्यातली हवा, म्हणजे तव्यावरची. दोन कॅनच्या मध्ये उलट्या बादलीवर बाबा बसलेले असत, धोतर गुडघ्यावर घेतलेलं, मांड्यांवर पोत्यातून पाणी ठिबकतंय. वरून भाजायचं आणि खालून भिजायचं, ही त्यांची बैठक. त्यांचे गुडघे पन्नाशीच्या आत गेले ते कशानं, हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

बर्फाचे डबेही रेल्वेत असत, नाही असं नाही. त्यांच्या भिंती दुहेरी, मध्ये भुसा भरलेला, दार तिजोरीसारखं जाड, छताच्या दोन टोकांना झाकणं. तिथून लाद्या टाकायच्या आणि वितळलेलं पाणी खालच्या नळीतून रुळांवर गळायचं. तसा एखादा डबा मेलला लागून मलकापुरातून धडधडत निघून जाताना मी पाहिला आहे. आत कुणाचं लोणी, कुणाचे मासे असायचे, देव जाणे. मोताळ्याकडच्या म्हशींच्या दुधासाठी कुणी बर्फ फोडत नव्हतं.

पण आठवणीवर मी रेघ ओढत नाही. त्या दुधाच्या डब्याचा फोटो शोधायला मी जंग जंग पछाडलं, मिळाला नाही. इंजिनाचे फोटो लोकांनी काढले, साहेबाच्या सलूनचे, म्हणजे त्याच्या खास डब्याचे, काढले, दुधाच्या डब्यावर फिल्म कोण वाया घालवतो? शेवटी आडबाजूच्या एका स्टेशनाच्या मागे तसल्याच एका डब्याचं धूड सापडलं. चाकं गेलेली, चार दगडांवर ठेवलेलं, आत फावडी आणि घमेली. तिथल्या माणसानं आधी मला हटकलं, मग मी टेप काढून फळ्या मोजायला लागल्यावर वेडी ठरवून सोडून दिलं. चाकूनं रंग खरवडला. वर करडा, त्याखाली अजून एक करडा, आणि सगळ्यांत खाली गेरू. लाकडात मुरलेला, माझ्या डोळ्यांत होता तोच. मी तिथे फावड्यांच्या शेजारी बसून रडले. माझं बालपण खरं होतं, याचा पुरावा मला त्या खपलीत मिळाला होता.

जगभर माझ्यासारखी माणसं आहेत, हे मला मोबाइलनं दाखवलं. अमेरिकेतले म्हातारे जुन्या दुधाच्या आणि बर्फाच्या डब्यांचे नमुने करतात आणि एकमेकांशी जमिनीच्या वादासारखे भांडतात. अमुक कंपनीच्या डब्याला झाकण कोणत्या काळात बदललं, दाराच्या बिजागऱ्या तीन की चार, पिवळा रंग लिंबासारखा की हळदीसारखा. त्यातल्या एकानं मला समजावलं की दुधाचा डबा आणि बर्फाचा डबा यांची गल्लत हा नवशिक्यांचा नेहमीचा गुन्हा. दुधाचा डबा प्रवासी गाडीला लागतो, म्हणून त्याची चाकं आणि ब्रेक त्या वेगाचे. बर्फाचा डबा बहुतेक मालगाडीचा. नुसती झाकणं लावली म्हणून एकाचा दुसरा होत नाही. मी ते वाचून खुर्चीत ताठ बसले. घरात वर्षानुवर्षं न मिळालेली संगत मला तिथे मिळाली.

मग मी कामाला लागले. एका फुटाला अर्धा इंच हे माप धरलं. पुठ्ठ्याच्या फळ्या वेगवेगळ्या कापून चिकटवल्या, तिरक्या पट्ट्या एकेक बसवल्या, खिळ्यांची डोकी मागून सुई दाबून उठवली. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांपासून कॅन केले. पोत्याच्या सुतळीचे धागे सोडवून त्यांची बोटाच्या पेरापेक्षा लहान पोती विणली. आणि सगळ्यांत शेवटी तारेवर कागदाचा लगदा चढवून बाबा केले, उलट्या बादलीवर बसलेले. तोंड काढलं नाही. मान तेवढी त्यांची जमली, थोडी उजवीकडे कललेली. दार सरकतं ठेवलं, म्हणजे बघणाऱ्याला आत वाकून बघता यावं. सगळा डबा त्या बैठकीसाठी होता. बाकीच्या फळ्या आणि पट्ट्या मी त्या माणसाभोवती उभ्या केल्या होत्या.

माय तेव्हा पंच्याऐंशीच्या आसपास होती. तिला दिसायचं कमी. मी काय करतेय ते तिनं विचारलं, मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि वाती वळत बसली.

भाऊ बघायला आला तो खिशातून मोबाइल काढतच. त्याच्यावर अमेरिकेतल्या एका डब्याचं चित्र, पांढरा, चकचकीत, छतावर झाकणं. माझा डबा त्यानं उचलला, फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय केलं वो ताई? हा तं कोळशाचा डबा दिसून राह्यला."

"असाच होता."

"बाबाचा डबा गार होता, पांढरा होता. मले पक्कं मालूम हाये."

"तू मांडीवर होतास. तुला काय माहीत असणार?"

"अन् हे कोन बसलं हाये आत?"

"बाबा."

तो बराच वेळ आत बघत राहिला. मला वाटलं, आता याला गहिवरून येईल. तो म्हणाला, "हमाल वाटतात वो. उद्घाटनाले आमदार येऊन राह्यले, बँकेचे साहेब येऊन राह्यले. त्याहिले मी काय सांगू, माहा बाप पोत्यात बसे?"

माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "हो, तेच सांग. पोत्यात बसून त्यानं तुला शिकवलं म्हणून सांग." तो म्हणाला की त्याची प्रगती बघून मी त्याला पाण्यात पाहते. मी म्हणाले की त्याला बाप नको आहे, जाहिरात हवी आहे. माय आतल्या खोलीत होती, तिनं सगळं ऐकलं असणार. ती काही बोलली नाही, आणि मला त्याचाही राग आला. शेवटी आमचं ठरलं ते असं: डबा आहे तसा राहील, पाटीवर काय लिहायचं ते तो लिहील. मी सरळ माणसासारखा विश्वास ठेवला आणि डबा खोक्यात घालून त्याच्या हवाली केला.

उद्घाटनाला आम्ही दोघी गेलो. मंडप, सनई, फेटे, सगळं यथासांग होतं. मी मायला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि काचेच्या पेटीकडे गेले. पेटी रिकामी होती. डबा टेबलावर होता, पूजेसाठी काढलेला, आणि तो पांढरा होता. भिंती रंगवणाऱ्या माणसाकडून त्यानं तो रंगवून घेतला होता. त्या माणसानं आपलं काम इमानानं केलं होतं. आधी फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, मग तेलरंगाचे दोन हात मारले. माझ्या तिरक्या पट्ट्या लांबीखाली सपाट झाल्या होत्या. खिळे गेले होते. छतावर कसली तरी झाकणं चिकटवली होती. दार रंगात बसून बंद झालं होतं. पाटीवर बाबांना जिल्ह्यातल्या थंड दूध वाहतुकीचे जनक केलं होतं.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी भावाला गाठलं आणि विचारलं, "बाबा कुठेत?"

"आतच हायेत ना. म्या काहाडले नाई. दार लावलं फक्त." हे त्यानं समजूत काढल्याच्या सुरात सांगितलं.

एवढ्यात गुरुजींनी हाक मारली. भावाच्या घरी नवी गाडी आली की, मग ती मोटरसायकल असो की दुधाचा टँकर, तिला हार घालायचा, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून पुढे घ्यायची. माझ्या डब्यालाही त्यानं गाडीच धरलं होतं. झेंडूचा हार छताला गुंडाळला, ओल्या कुंकवाचं बोट पांढऱ्यावर फिरवलं आणि पुढच्या चाकाखाली चक्क एक लिंबू ठेवलं. लिंबू चाकाहून मोठं होतं. मी "अरे थांब" म्हणेपर्यंत आमदारांनी भावाच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून डबा पुढे ढकलला.

लिंबू फुटलं नाही. आस पेलणारे पुठ्ठ्याचे कान मोडले, एक चाक घरंगळत टेबलाखाली गेलं आणि डबा कलंडला. लोक हसले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी शुभ आहे म्हणालं. डबा कलंडला तेव्हा आत काहीतरी गडगडत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं. बाकीच्यांना ते ऐकू आलं असलं तरी काय आहे ते कळलं नसणार. मला कळलं. बाबा बादलीवरून सुटले होते.

मंडळी जेवायला पांगली तशी मी तो डबा उचलला आणि मायच्या शेजारी येऊन बसले. पर्समधली नखं कापायची कात्री काढून मी दाराच्या फटीत घातली. रंग अजून कच्चा होता, दार निघालं असतं.

मायनं माझं मनगट धरलं. "उघडू नोको."

"माय, बाबा आत पडलेत."

"आयकू आलं मले. राहू दे."

"हा डबा असा नव्हता गं. यानं सगळं खोटं केलंय. पांढरा नव्हता, बर्फ नव्हता..."

"मले सांगतं?" माय म्हणाली. "त्याचे कपडे कोन धुतले? रोज ओले, रोज आंबट वास. बर्फात बसनाऱ्या मान्साच्या पाठीवर घामोळं येते काय? मले काय समजत नोव्हतं?"

"मग तू भावाला बोलली का नाहीस?"

तिनं डब्याच्या गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवला. "तुहा बापच सांगे असं. जेवला का तुह्या भावाले मांडीवर घे अन् सांगे. आपला डबा पांढरा सफेत हाये, आत बर्फाच्या लाद्या हायेत, पंखा हाये, मी बाकड्यावर झोपूनच जातो भुसावळलोक. पोरगं खुश होऊन आयके. मी भाकर टाकता टाकता आयको अन् हाव म्हनो. रोज म्हनो. त्याले वाटे, मले पटलं. थो गेला तवालोक त्याले तसंच वाटे. आता या वयात मी त्याले खोटं पाडू काय?"

मी कात्री पर्समध्ये ठेवली. भाऊ मायसाठी गुलाबजामाची वाटी घेऊन आला, डबा माझ्या मांडीवर बघून घाबरला, आणि मी तो त्याच्या हातात दिला. नंतर त्यानं चाक चिकटवून आणलं. दृष्ट लागू नये म्हणून मागच्या बाजूला काळं बोट लावलंय, ते भिंतीकडे असतं म्हणून कुणाला दिसत नाही.

भावावरचा माझा राग गेलेला नाही. मायच्या बोलण्यानं माझं मन निवलं, असं लिहिलं तर तेही लांबी भरल्यासारखं होईल. उलट आता बाबांवरही राग आहे, आणि तो कुणाकडे काढता येत नाही. बायकोला त्यांनी गार डबा दिला, मुलाला पांढरा दिला. पट्ट्यांमागचा अंधार, पोती, गळणारं पाणी, हे सगळं त्यांनी एकट्या मला बघू दिलं. रोज भाकर घ्यायला ते त्या दारात यायचे, माझ्यासमोर कधी काही झाकलं नाही. त्यांनी बायको आणि मुलासाठी जपून ठेवलेला डबा मी वर्षभर खपून, सुईनं एकेक खिळा उठवून खोटा पाडायला निघाले होते, आणि हे त्यांच्यासाठीच करतेय असं मला वाटत होतं. घरी काय सांगायचं आणि काय नाही, हे एकदा मला म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. मी ऐकणारी मुलगी होते.